आउटबोर्ड एंजिनाच्या कलन यंत्रणेतील तेलगळती
आउटबोर्ड एंजिनाच्या कलन यंत्रणेतील तेलगळती : होडीच्या पिछाडीच्या फळीवर बाहेरच्या बाजूने बसविलेल्या व मळसूत्री पंख्यासह सबंध उचलता येणाऱ्या एंजिनास आउटबोर्ड एंजिन म्हणतात. उथळ पाण्यात, किनाऱ्यास लागताना व होडी नांगरून ठेवल्यावर या एंजिनाचा पाय पाण्याबाहेर काढावा लागतो. तसेच वेगात जाताना होडीची नाळ योग्य तेवढी उचललेली राहावी म्हणून एंजिनाचा कोन थोडाथोडा बदलावा लागतो. ही दोन्ही कामे तेलाच्या दाबाने करणाऱ्या यंत्रणेस कलन यंत्रणा म्हणतात. या यंत्रणेतून तेल बाहेर झिरपणे किंवा आतल्या आत एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाणे, या दोहोंना येथे गळती म्हटले आहे.

ही गळती बहुधा क्षुल्लक समजली जाते. तेल थोडे असते, स्वस्त असते व कमी झाल्यास वरून भरता येते. परंतु या तेलाकडे एंजिन उचलण्यापेक्षा अधिक जबाबदारीची कामे सोपविलेली असतात. एंजिन उलट्या गतीत असताना त्याचा पाय पाण्याबाहेर उसळू न देणे व पाण्यातील ओंडक्यावर किंवा खडकावर पाय आदळल्यास धक्का शोषून घेणे, ही दोन्ही कामे त्याच तेलाने होतात. शिवाय शेदीडशे किंवा अधिक किलोग्रॅम वजनाचे एंजिन वर उचलून धरलेले असते, तेव्हा त्याच्याखाली काम करणाऱ्याचे हात तेलाच्या एका लहानशा स्तंभाच्या भरवशावर असतात. म्हणून गळतीची दुरुस्ती म्हणजे तेलाची भर घालणे नव्हे. तेल कोठून व कोणत्या स्थितीत जाते हे आधी निश्चित करणे हा तिचा मुख्य भाग होय.

पार्श्वभूमी : अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली विकावयास आणलेल्या एंजिनापासून आउटबोर्ड एंजिनाचा व्यापारी प्रसार सुरू झाला. त्या काळची एंजिने हलकी असल्याने ती बिजागरीच्या खिळ्याभोवती हाताने उचलता येत. उलट्या गतीत एंजिन खाली धरून ठेवण्यासाठी पुढे साधा आकडा वापरला जाऊ लागला. लहान एंजिनांवर तो आजही असतो. एंजिनाची शक्ती व वजन वाढल्यावर हाताने उचलणे अवघड झाले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्युत् पंप व तेलदाबाचे सिलिंडर वापरात आले. महाराष्ट्र व गोवा यांच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या लहान होड्यांची कमी शक्तीची एंजिने प्रायः हाताने उचलण्याचीच असतात. तेलदाबाची यंत्रणा तेथे मुख्यतः पर्यटकांच्या वेगवान होड्या, गस्तीच्या नौका व मोठी एंजिने बसविलेल्या होड्या यांवर आढळते.

रचना व कार्य : यंत्रणेत १२ व्होल्टची, दोन्ही दिशांनी फिरणारी विद्युत् मोटर, तिला जोडलेला दंतचक्री पंप, तेलटाकी, झडपांचा ठोकळा व एक किंवा तीन सिलिंडर असतात. बहुतेक रचनांत हे सर्व भाग एकत्र जुळविलेले असून ते पिछाडीच्या फळीला धरणाऱ्या दोन कंसांच्या मधोमध बसतात. एक सिलिंडर असलेल्या यंत्रणेत तोच सिलिंडर कोन साधण्याचे व एंजिन उचलण्याचे अशी दोन्ही कामे करतो. तीन सिलिंडरांच्या यंत्रणेत बाजूचे दोन आखूड सिलिंडर पहिल्या सुमारे २० अंशांपर्यंत एंजिनास ढकलतात व पुढे सुमारे ७० अंशांपर्यंतचे उचलणे मधला लांब सिलिंडर करतो. आखूड सिलिंडरांचे दांडे एंजिनास जोडलेले नसतात, ते नुसते टेकलेले असतात. त्यामुळे ते ढकलू शकतात, पण ओढू शकत नाहीत. उलट्या गतीत एंजिन खाली धरण्याचा सर्व भार मधल्या सिलिंडरावर येतो, ही गोष्ट निदान करताना उपयोगी पडते.

मोटर एका दिशेने फिरली की पंप दट्ट्याच्या खालच्या कप्प्यात तेल ढकलतो, दांडा बाहेर येतो व एंजिन उचलले जाते. उलट दिशेने फिरल्यास तेल वरच्या म्हणजे दांड्याच्या बाजूच्या कप्प्यात जाते व एंजिन खाली येते. मोटर थांबल्यावर एकमार्गी झडपा दोन्ही कप्प्यांतील तेल कोंडून ठेवतात आणि एंजिन जेथल्या तेथे राहते. दाब मर्यादेबाहेर गेल्यास दाबमोचन झडपा उघडतात. वीज नसतानाही एंजिन हाताने वरखाली करता यावे म्हणून स्क्रूच्या आकाराची एक मोकळीक झडप ठेवलेली असते. ती सैल केली की दोन्ही कप्पे एकमेकांस व टाकीस जोडले जातात. मधल्या दट्ट्यात लहान धक्काशोषक झडपाही असतात. पाण्यात पायावर आघात झाला की दांडा झटक्याने बाहेर खेचला जातो, वरच्या कप्प्यातील दाब एकदम वाढतो, या झडपा उघडून तेल दट्ट्याच्या दुसऱ्या बाजूस जाते व एंजिन मागे उसळून हळूहळू मूळ जागी परतते.

तेलावर किती दाब येतो याची कल्पना साध्या हिशोबाने येईल. एंजिनाचे वजन २०० किग्रॅ. आहे, त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीच्या खिळ्यापासून आडवा ४० सेंमी. दूर आहे आणि सिलिंडराचा जोर त्याच खिळ्यापासून १२ सेंमी. अंतरावर लागतो असे धरले, तर सिलिंडरास सुमारे ६६७ किग्रॅ. भार पेलावा लागेल. दट्ट्याचा व्यास ४ सेंमी. असल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे १२·६ चौ. सेंमी. भरते व तेलावरील दाब सुमारे ५३ किग्रॅ./चौ. सेंमी. होतो. मोटारगाडीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या हा वीसपटीहून अधिक आहे. एंजिन वर टेकल्यावरही कळ दाबून धरल्यास दाब आणखी वाढत जाऊन दाबमोचन झडप उघडेपर्यंत चढतो.

गळतीची कारणे : इतक्या दाबाचे तेल अडविण्याचे काम रबराच्या कड्या व सीले करतात. दांडा सिलिंडराबाहेर पडतो तेथे आट्यांचे टोपण असते व त्यात दोन कड्या असतात. बाहेरची पुसणी कडी दांड्यावरील मीठ, वाळू व चिखल पुसून टाकते आणि तिच्या आतले ओठाच्या आकाराचे सील तेल अडविते. दट्ट्यावर, टोपणाच्या बाहेरच्या कडेवर, मोकळीक झडपेवर, टाकीच्या बुचावर व पंप-मोटर यांच्या सांध्यावर गोल छेदाच्या ओ-कड्या असतात. त्या बहुधा नायट्राइल रबराच्या असून उन्हाने, उष्णतेने व वयाने कडक होतात. जुनी कडी काढल्यावर ती गोल न राहता एका बाजूने चपटी झालेली दिसते. अशा कडीने आपली लवचिकता गमावलेली असते.

तथापि कडी किंवा सील आपोआप निकामी होण्यापेक्षा दांड्याने त्यास निकामी करण्याचे प्रकार अधिक. दांडा गंजरोधी पोलादाचा किंवा क्रोमियमचा मुलामा दिलेला असतो. मुलाम्यास बारीक छिद्र पडले की खाऱ्या पाण्याने खालचे पोलाद गंजते, मुलाम्याचा पापुद्रा सुटतो व त्याची धारदार कड प्रत्येक फेरीत सीलाच्या ओठावरून घासत जाते. होडी पाण्यात नांगरून ठेवली असता दांड्याचा उघडा भाग पाण्याखाली राहिला, तर त्यावर बार्नेकल चिकटतात. त्यांचे चुनखडीचे कवच दांड्याबरोबर आत ओढले गेले की पुसणी कडी फाटते व सीलावर ओरखडा उठतो. अशा दांड्यावर नवे सील बसविले, तर तेही थोड्याच दिवसांत गळू लागते. पुन्हा पुन्हा सीले बदलूनही न थांबणाऱ्या गळतीचे मूळ बहुतेकदा दांड्यातच सापडते.

ओरखडा डोळ्यांना दिसण्याइतका मोठा असलाच पाहिजे असे नाही. अरुंद फटीतून वाहणाऱ्या श्यान द्रवाचे प्रमाण फटीच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट न होता आठपट होते. तापलेल्या तेलाची श्यानता कमी होत असल्याने सकाळी कोरडी दिसणारी यंत्रणा दुपारच्या उन्हात ठिबकू लागते, हेही यावरून समजते. एक थेंब सुमारे ०·०५ घ. सेंमी. धरल्यास दर मिनिटास एक थेंब या मानाने दिवसाला ७२ घ. सेंमी. तेल जाईल. यंत्रणेतील एकूण तेल अनेक नमुन्यांत एक लिटरपेक्षाही कमी असल्याने हे प्रमाण उपेक्षणीय नाही.

तेल बाहेर जाण्याच्या वाटेने पाणीही आत येते. ते तेलात मिसळून तेल दुधासारखे पांढरट होते, झडपांच्या स्प्रिंगा व पंपाची दंतचक्रे गंजतात आणि गंजाचे कण एकमार्गी झडपांखाली अडकून आतली गळती सुरू होते. मोटरीचे कवच पोलादी असल्यास रंग उडालेल्या जागी ते गंजून भोक पडते व पाणी मोटरीत शिरते. उलटपक्षी पंपाच्या आसाभोवतीचे सील गेले, तर तेल मोटरीत चढते व तिच्या विद्युत् तारा जेथून बाहेर पडतात तेथे तेलकट ओल दिसू लागते. ही खूण बारीक असली तरी तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

निदान : प्रथम गळणारे तेल कलन यंत्रणेचेच आहे याची खात्री करावी. त्याच कोपऱ्यात सुकाणूचा तेलदाबाचा सिलिंडर असतो, एंजिनाच्या पायात दंतचक्रांचे जाड वंगण असते व निष्कास वायूंबरोबर न जळलेले तेल-इंधनही ठिबकते. दंतचक्रांचे वंगण घट्ट असून त्यास गंधकाचा उग्र वास येतो. निष्कासातील अवशेष काळे असतात. कलन यंत्रणेचे तेल पातळ असते व स्वयंचलित गीअरपेटीचे तेल वापरले असल्यास ते तांबडे दिसते.

यानंतर यंत्रणा गोड्या पाण्याने व साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी. तेलाने माखलेल्या यंत्रणेत गळतीचे ठिकाण शोधणे व्यर्थ होय, कारण तेल खालच्या कडेपर्यंत ओघळून भलत्याच जागी ठिबकते. कोरड्या भागांवर शंखजिऱ्याची पूड भुरभुरून एंजिन काही वेळा वरखाली केल्यास ओल जेथे प्रथम उमटते ते गळतीचे ठिकाण समजावे. तेलात मिसळावयाचा व जंबुपार प्रकाशात चमकणारा रंगही यासाठी मिळतो. दाबाखालील गळती बोटाने चाचपू नये. सूक्ष्म छिद्रातून सुटणारी तेलाची धार त्वचा भेदून आत जाऊ शकते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसली तरी तिला तातडीने शस्त्रक्रियेची गरज पडू शकते.

गळती कोणत्या स्थितीत होते हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. एंजिन उचलून ठेवलेले असते तेव्हा दाब दट्ट्याच्या खालच्या कप्प्यात असतो आणि दांड्याभोवतीच्या सीलावर त्याचा ताण नसतो. ते सील उलट्या गतीत किंवा एंजिन खाली घेताना ताणाखाली येते. त्यामुळे एंजिन वर नीट टिकते, पण उलट्या गतीत उसळते व दांडा तेलकट दिसतो, असे असल्यास दांड्याचे सील प्रथम तपासावे. पुढच्या गतीत मात्र पंख्याचा रेटा बिजागरीच्या खाली लागत असल्याने तो एंजिनाचा पाय फळीकडे दाबूनच धरतो. म्हणून हा दोष पुढे जाताना लक्षात येत नाही व धक्क्याला लागताना अचानक प्रकट होतो.

उचललेले एंजिन रात्रीतून आपोआप खाली येते, पण बाहेर तेल दिसत नाही व टाकीतील पातळीही उतरत नाही, तेव्हा गळती आतली असते. अशा वेळी दट्ट्याची कडी गेली असे मानून सिलिंडर उघडण्याची घाई केली जाते. ही घाई बरोबर नाही. दांडा आत जावयाचा तर त्याच्या आकारमानाइतके तेल सिलिंडराबाहेर पडलेच पाहिजे. उदा., २ सेंमी. व्यासाचा दांडा २५ सेंमी. आत जाण्यासाठी सुमारे ७९ घ. सेंमी. तेलास जागा करून द्यावी लागते. दट्ट्याची कडी झिजली असली तरी हे तेल टाकीत परतण्यास एखादी झडप सुटलेली असावी लागते किंवा वाढलेल्या दाबाने ती उघडावी लागते. म्हणून मोकळीक झडप पूर्ण आवळलेली आहे काय, तिच्या ओ-कड्या शाबूत आहेत काय व एकमार्गी झडपांखाली कचरा आहे काय, हे आधी पाहावे. नुसती मोकळीक झडप अर्धवट सैल राहिल्याने सबंध यंत्रणा निकामी ठरविल्याची उदाहरणे कार्यशाळांत दुर्मिळ नाहीत.

मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण एंजिन हलत नाही किंवा गचके देत उचलले जाते, तर तेल कमी आहे वा त्यात हवा शिरली आहे असे समजावे. मोटर फिरतच नसेल तर दोष बहुधा विद्युत् भागात असतो आणि त्यासाठी तेलाच्या भागास हात लावण्याचे कारण नाही.

दुरुस्ती : एंजिनास यांत्रिक आधार दिल्याखेरीज तेलाचे कोणतेही बूच, झडप किंवा टोपण सैल करू नये. कंसावरील आधाराचा खटका लावावा व तेवढ्यावर न थांबता एंजिन चेन-पुलीने टांगावे किंवा भक्कम लाकडी ठोकळ्यावर टेकवावे. खटका उभ्या होडीत एंजिन धरण्यापुरता असतो. यंत्रणा सुटी काढल्यावर एंजिनास धरून ठेवणारे दुसरे काहीच उरत नाही. बॅटरीची तार सोडवावी, मग मोकळीक झडप सावकाश सैल करून उरलेला दाब सोडावा. ही झडप निर्मात्याने सांगितलेल्या फेऱ्यांपलीकडे फिरविल्यास तेलाच्या दाबाने उडून येण्याचा संभव असतो. हाताने उचलण्याच्या काही मध्यम शक्तीच्या एंजिनांना साहाय्यक म्हणून उच्च दाबाचा नायट्रोजन वायू भरलेले सिलिंडर असतात. त्यांची बाह्य रचना वरील सिलिंडरांसारखीच दिसते, परंतु ते उघडणे जिवावर बेतू शकते. असे सिलिंडर दुरुस्त न करता सबंध बदलावे.

नुसते दांड्याचे सील बदलावयाचे असल्यास अनेक नमुन्यांत यंत्रणा होडीवरच ठेवून काम करता येते. टोपणावर दोन किंवा चार भोके असतात व त्यांत खुंट्यांचा पाना बसवून ते फिरवितात. हे टोपण सुटणे हाच बहुधा सर्व कामातील कठीण भाग ठरतो. टोपण व सिलिंडर वेगवेगळ्या धातूंचे असल्यास खाऱ्या पाण्यात त्यांच्यामध्ये विद्युत् रासायनिक क्रिया होऊन आट्यांत पांढरी पूड साचते व ते एकजीव झाल्यासारखे होतात. गंज सोडविणारे पातळ तेल एकदोन दिवस आधीपासून वरचेवर घालावे, सिलिंडरास बाहेरून गरम हवेने मध्यम उष्णता द्यावी व पाना बसवून त्यावर हलके ठोके द्यावेत. एका झटक्याच्या जोरापेक्षा अनेक लहान ठोक्यांनी गंज लवकर सुटतो. इंधनाची टाकी व नळ्या जवळ असताना उघडी ज्योत वापरू नये. खुंट्या झिजलेल्या किंवा नीट न बसणाऱ्या पान्याने जोर केल्यास भोके फाटतात आणि मग टोपण कापून काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

टोपण सुटण्यापूर्वी त्याभोवतालची जागा घासून स्वच्छ करावी. आतील सीलाचा ओठ कोणत्या बाजूस होता याची नोंद करून मगच ते काढावे. सीलाचा ओठ नेहमी दाबाच्या बाजूस म्हणजे तेलाकडे असतो व पुसणी कडीची धार बाहेर असते. हा क्रम उलटला तर नवे सीलही पहिल्याच फेरीत गळते. जुनी सीले पोलादी पेचकसाने उचकटू नयेत. खोबणीस पडलेला ओरखडा पुढे गळतीची वाट बनतो. बांबूची किंवा पितळेची टोकदार काडी त्यासाठी पुरेशी होते.

दांडा धुऊन उन्हात फिरवून पाहावा व नखाने लांबीच्या दिशेने आणि आडवे असे दोन्हीकडून चाचपावे. नख अडकत नसल्यास बारीक एमरी कागदाने तेल लावून उजळ करणे पुरते. खड्डा, सुटलेला पापुद्रा किंवा नख अडकेल असा ओरखडा आढळल्यास दांडा बदलावा किंवा त्यावर पुन्हा कठीण क्रोमियमाचा मुलामा चढवून तो घासून घ्यावा. खड्डे धातूच्या लेपाने भरून काढण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तिचा टिकाऊपणा दांड्याच्या पाण्याखाली न राहणाऱ्या भागापुरताच मानावा. सिलिंडराच्या आतील पृष्ठावर उभे ओरखडे असतील, तर नव्या कड्यांचा उपयोग होत नाही.

ओ-कड्या बदलताना केवळ बाहेरचा व्यास जुळवून भागत नाही. आतला व्यास, छेदाची जाडी व रबराची कठीणता या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. नळाच्या दुकानातील कडी दिसावयास तशीच असली तरी तेलात फुगते. ज्या कडीमागे चपटी आधारकडी असते ती कडी आधारकडीशिवाय बसविल्यास दाबाने फटीत रेटली जाऊन चिरते. जुन्या नमुन्यांचे सुटे भाग मिळणे उत्तरोत्तर कठीण होत असल्याने (उदा., एव्हिनरूड या नावाच्या आउटबोर्ड एंजिनांचे उत्पादन २०२० साली बंद झाले) काढलेल्या कड्यांची मापे लिहून ठेवणे हितावह असते. एक सील गळत असल्यास त्या सिलिंडराची सर्वच सीले व कड्या बदलाव्यात. त्या सारख्याच वयाच्या असतात आणि टोपण पुन्हा सोडविण्याचा त्रास कडीच्या किंमतीपेक्षा कितीतरी अधिक असतो.

जोडणीच्या वेळी प्रत्येक भाग ज्या तेलाने यंत्रणा भरावयाची त्याच तेलात बुडवून बसवावा. दांड्याच्या टोकाच्या आट्यांवर पातळ प्लॅस्टिकची नळी चढवून तीवरून सील सरकवितात म्हणजे ओठ कापला जात नाही. टोपणाच्या आट्यांना सागरी ग्रीज लावून ते निर्मात्याने दिलेल्या परिपीडनमूल्यापर्यंत आवळावे. चिंध्यांचे धागे, बोटांवरील वाळू व खोलीतील धूळ यांपासून भाग जपावे. वाळूचा एक कण एकमार्गी झडपेखाली अडकला, तर बाहेरची गळती थांबूनही आतली सुरू होते.

गळती थांबविण्याची म्हणून विकली जाणारी मिश्रणे तेलात टाकण्याची प्रथा आहे. ती रबर थोडे फुगवितात व काही काळ गळती कमी करतात. ओरखडलेल्या दांड्यावर किंवा फाटलेल्या सीलावर त्यांचा इलाज चालत नाही. शिवाय फुगून मऊ झालेली चांगली सीलेही त्यामुळे लवकर झिजतात. बंदरापासून दूर अडकलेल्या होडीसाठी फार तर त्यांचा वापर क्षम्य ठरेल.

तेल भरणे व हवा काढणे : तेल निर्मात्याने सांगितलेलेच वापरावे. यामाहाच्या अनेक एंजिनांसाठी डेक्स्रॉन-२ जातीचे स्वयंचलित गीअरपेटीचे तेल सांगितलेले आहे, तर मर्क्युरीसारखे उत्पादक या यंत्रणेसाठी स्वतःचे खास तेल पुरवितात. मोटारगाडीच्या ब्रेकचे तेल कधीही घालू नये. ते ग्लायकॉलयुक्त असून नायट्राइल रबरास घातक असते व एकदा घातल्यास सर्व कड्या बदलाव्या लागतात.

पातळी पाहताना एंजिन पूर्ण उचललेले व आधारावर असावे. या स्थितीत दांडे बाहेर असल्याने सिलिंडरांत तेल सर्वाधिक व टाकीत सर्वांत कमी असते आणि ते बुचाच्या भोकाच्या खालच्या कडेस लागावे अशी टाकीची योजना केलेली असते. एंजिन खाली असताना बूच उघडल्यास दांड्यांनी हटविलेले तेल बाहेर उसळते. तेल भरल्यावर बूच लावून, बॅटरी जोडून, आधार काढावा व एंजिन पूर्ण वर व पूर्ण खाली असे पाच-सहा वेळा न्यावे. प्रत्येक वेळी वर थांबून पातळी पाहावी व कमी झालेले तेल भरावे. फेस आला असल्यास काही मिनिटे थांबावे. पंप कोरडा फिरू देऊ नये. अखेरीस एंजिन अर्धवट उचलून त्याच्या कोनाची खडूने खूण करावी व रात्रभर तसेच ठेवावे. या काळात एंजिनाखाली कोणी जाणार नाही अशी व्यवस्था करावी. खूण ढळली नाही, दांडा कोरडा राहिला आणि पाण्यात नेऊन हळूहळू उलटी गती दिली असता पाय उसळला नाही, तरच दुरुस्ती पुरी झाली असे मानता येते. काढलेले तेल समुद्रात किंवा खाडीत न ओतता डब्यात साठवून वापरलेले तेल घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे. थोडेसे तेलही पाण्यावर मोठ्या क्षेत्रात तवंग धरते.

समुद्रात असताना गळती सुरू झाल्यास एंजिन खाली घेऊन ठेवावे. मोटर चालत नसेल, तर मोकळीक झडप सैल करून ते हाताने उतरवितात व झडप पुन्हा आवळतात. उतरविताना कोणाचा हात किंवा पाय कंसांमध्ये नसावा. पुढच्या गतीत परतीचा प्रवास बहुधा निर्विघ्न होतो. उलट्या गतीवर मात्र विसंबू नये. धक्क्यापासून दूर असतानाच वेग कमी करावा व वल्ही किंवा दोर यांच्या साहाय्याने होडी लावावी.

देखभाल : प्रत्येक फेरीनंतर दांडे गोड्या पाण्याने धुणे, कंसावरील जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमाचे झिजणारे धनाग्र अर्धे झिजताच बदलणे व त्याला रंग न लावणे, मोटरीच्या कवचाचा उडालेला रंग वेळीच भरणे, एवढ्यानेही सीलांचे आयुष्य पुष्कळ वाढते. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून ठेवताना एंजिन खाली, म्हणजे दांडे सिलिंडरांत असलेल्या स्थितीत ठेवावे. तसे केल्याने दांडे तेलात राहतात आणि एंजिनातील थंड करण्याचे पाणीही निथळून जाते. किनाऱ्याच्या वाळूत पाय रुतत असेल, तर एंजिन उचलून ठेवण्यापेक्षा होडीखाली ओंडके सारून पिछाडी उंच करणे श्रेयस्कर होय.